शेक्सपिअरच्या रंगमंचाचा कोणता नकाशा खरा, आणि कशावरून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही 'हॅम्लेट' बसवताय, मूळ रंगमंचाच्या जवळ जाणारा ग्राउंड प्लॅन हवा आहे, पण ज्या पुस्तकात बघावं तिथे निराळाच नकाशा. कुठे मागच्या भिंतीत दोन दारं, कुठे तीन. कुठे खांब मंचाच्या कडेला, कुठे बरेच आत. यातला खरा कोणता, आणि तो खरा हे कशावरून ठरवायचं?

मी तीस वर्षं नेपथ्य करतो आहे आणि त्यातली बरीच वर्षं विद्यार्थ्यांना हा विषय शिकवतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकच खरा नकाशा तुम्हाला मिळणार नाही, कारण मंच एक नव्हताच. १५६७ पासून १६४२ मध्ये पार्लमेंटने नाटकं बंद करेपर्यंत, म्हणजे पाऊणशे वर्षांत, लंडनच्या आसपास डझनभराहून जास्त नाट्यगृहं उभी राहिली. मालक वेगळे, जागा वेगळ्या, सुतार वेगळे, खिशातले पैसे वेगळे. आपण त्या सगळ्यांवर 'एलिझाबेथन स्टेज' असा एक शिक्का मारतो आणि तिथेच घोटाळ्याला सुरुवात होते. पुरावा कमी नाही. चित्रं आहेत, करारनामे आणि हिशोबाच्या वह्या आहेत, छापील नाटकांतल्या रंगसूचना आहेत, आणि १९८९ नंतर जमिनीखाली सापडलेले पाये आहेत. पण यातला प्रत्येक तुकडा कुणीतरी आपल्या कामासाठी केलेला आहे. ते काम कोणतं होतं हे न विचारता तो तुकडा उचलला की नकाशा चुकतो.

सगळ्या पुस्तकांत छापलेलं ते चित्र आधी घेऊ. १५९६ च्या सुमारास योहानेस दे विट नावाचा डच प्रवासी लंडनला आला आणि त्याने थेम्सच्या दक्षिण काठावरच्या स्वॉन नाट्यगृहाचं चित्र काढलं. ते मूळ चित्र आज नाही. आहे ती त्याचा मित्र आरनॉट व्हान बुखेल याने आपल्या वहीत उतरवून घेतलेली नक्कल, आणि तीही उट्रेख्तच्या विद्यापीठ ग्रंथालयात १८८८ मध्ये हाती लागली. त्या काळातल्या उघड्या नाट्यगृहाचं आतून काढलेलं हे एकच चित्र, आणि तेही स्वतः नाट्यगृह न पाहिलेल्या माणसाच्या हातचं. नक्कल करताना एक रेघ इकडची तिकडे झाली असेल, तर ती आपल्याला आता कळणार नाही.

तरीही हे चित्र सावकाश बघा. मधल्या उघड्या चौकात पुढे आलेला मोठा मंच, त्यावर छपराला आधार देणारे दोन जाडजूड खांब. मागे रंगपटाची भिंत आणि तिच्यात दोन दुपाखी दारं. त्या दारांवर एक सज्जा, त्यात बसलेली माणसं. वर एक खोपटं, तिथे तुतारी फुंकणारा माणूस, आणि हंसाचं चित्र असलेला झेंडा. मंचावर बाकावर एक स्त्री बसली आहे, तिच्यामागे एक जण उभा आहे आणि हातात काठी घेतलेला तिसरा पुढे झुकतो आहे. म्हणजे प्रयोग चालू आहे. पण चौकात एकही प्रेक्षक नाही, गॅलऱ्या रिकाम्या. मग सज्ज्यात बसलेले कोण, नट की पैसेवाले प्रेक्षक? दोन दारांच्या मधली भिंत कोरी आहे. पडदा नाही, कोनाडा नाही, तिसरं दार नाही. आणि 'हॅम्लेट'मध्ये तर पोलोनियस पडद्याआड लपतो.

माझं मत असं की दे विटला नाटकात रस नव्हता, इमारतीत होता. आपण पाहतोय ते रोमन नाट्यगृहासारखं आहे हे त्याला दाखवायचं होतं, म्हणून चित्रातल्या भागांना त्याने लॅटिन नावं दिली आणि खांब संगमरवरासारखे रंगवलेले आहेत हे आवर्जून लिहिलं. अशा माणसाने दार आहे म्हणून दाखवलं तर त्यावर विश्वास ठेवावा. पडदा दाखवला नाही म्हणून पडदा नव्हताच, असं मात्र मी म्हणणार नाही. त्या दिवशीच्या नाटकाला पडदा लागत नसेल, तर तो टांगलेलाही नसेल.

आता तुमच्या कामाचा खरा कागद. ८ जानेवारी १६०० रोजी नाट्यगृहांचा मालक फिलिप हेन्स्लो आणि नट एडवर्ड ॲलिन यांनी पीटर स्ट्रीट या सुताराशी फॉर्च्युन नाट्यगृह बांधण्याचा करार केला. रक्कम ४४० पौंड. हा करारनामा दक्षिण लंडनमधल्या डलिच कॉलेजात आजही आहे. इमारत चौकोनी, बाहेरून ८० फूट, आतला चौक ५५ फूट. गॅलऱ्यांचे तीन मजले, उंची १२, ११ आणि ९ फूट. मंचाची लांबी ४३ फूट आणि तो चौकाच्या मध्यापर्यंत आलेला, म्हणजे साडेसत्तावीस फूट खोल. मंचाचा खालचा भाग ओकच्या नव्या भक्कम फळ्यांनी बंद करायचा. वर छप्पर. आणि बाकी सगळं, असं करार म्हणतो, ग्लोबच्या मंचासारखं.

तुमच्यासाठी हे सोन्यासारखं वाक्य आहे. 'हॅम्लेट' ग्लोबचं नाटक. ग्लोब १५९९ मध्ये उभं राहिलं ते याच पीटर स्ट्रीटच्या हातून. डिसेंबर १५९८ मध्ये थेम्सच्या उत्तरेकडच्या शोरडिचमधलं 'थिएटर' नावाचं जुनं नाट्यगृह उतरवून त्याचं लाकूड नदीपलीकडे नेलं, तेही यानेच. म्हणजे ग्लोबनंतर काही महिन्यांतच त्याच सुताराला 'तसंच कर' असं सांगितलं जातंय. पण सुतार आणि मालक या दोघांनाही ग्लोब पाठ होतं, त्यामुळे आपल्याला जे हवं तेच त्यांनी लिहिलं नाही. दारं किती, खांब कुठे, हे 'ग्लोबसारखं' या शब्दात गेलं. कराराला एक आराखडा जोडल्याचा उल्लेख आहे, आणि तो हरवला. ज्याने कधी सुताराकडून सेट बांधून घेतला आहे त्याला हे लगेच पटेल. ज्यावरून पैशाचा वाद होऊ शकतो तेच आपण कागदावर उतरवतो: लाकूड कोणतं, माप किती, मुदत कधी. बाकीचं कारखान्यात उभं राहून हाताने दाखवतो.

हाच हेन्स्लो १६१३ मध्ये होप नाट्यगृहाचा करार करतो, तेव्हा अटी साफ बदलतात. तिथे अस्वलांच्या झुंजीही व्हायच्या होत्या, म्हणून मंच सुताराच्या लाकडी घोड्यांवर, म्हणजे सुट्या टेकूंवर ठेवलेला, उचलून नेता येईल असा. आणि मंचावरचं छप्पर मंचावर एकही खांब न रोवता उभं करायचं, असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे बिनखांबी छप्पर त्या काळच्या सुतारांना जमत होतं. 'शेक्सपिअरच्या काळी खांब असायचेच' असं कुणी सांगितलं, तर हा करार पुढे ठेवा.

१९८९ पर्यंत अभ्यासकांच्या हाती एवढंच होतं. त्या वर्षी थेम्सच्या दक्षिण काठावर, बँकसाइडला, ऑफिसची इमारत बांधण्यासाठी खोदकाम झालं आणि रोझ नाट्यगृहाचा पाया वर आला. हेन्स्लोने हे १५८७ मध्ये बांधलं होतं. इमारत होऊ देऊ नये म्हणून नट आणि नागरिक रस्त्यावर उतरले, आणि शेवटी अवशेषांच्या वरून पुलासारखी इमारत घेतली गेली. आज ते अवशेष तळघरात वाळूखाली आणि पाण्याखाली जपलेले आहेत, आणि अंधारात लाल दिव्यांच्या रेघेने मंचाची कड दाखवलेली आहे. मी तिथे उभा होतो तेव्हा तोंडातून पहिला शब्द निघाला, 'एवढासाच?'

रोझच्या बाजू चौदा, आणि त्याही समान नाहीत. बाहेरून व्यास सुमारे ७२ फूट. मंच आयताकृती नाही, पुढे निमुळता होत गेलेला: मागे साधारण ३७ फूट, पुढच्या कडेला २७ फूट, खोली साडेसोळा फुटांच्या आसपास. फॉर्च्युनच्या मंचाच्या निम्म्याहूनही लहान. मी दर वर्षी मुलांना हॉलच्या फरशीवर खडूने हे दोन्ही मंच एकात एक आखायला लावतो. मग क्रिस्टोफर मार्लोच्या 'टॅम्बरलेन'मधला प्रवेश करायला सांगतो: जिंकलेले राजे तोंडात लगाम घालून टॅम्बरलेनचा रथ ओढत आणतात. हे नाटक रोझच्या मंचावर होत असे, आणि हेन्स्लोच्या कंपनीच्या सामानाच्या यादीत टॅम्बरलेनचा लगाम नोंदलेला आहे. आमच्याकडे रथ म्हणून हातगाडी. दोन मुलं गाडी ओढत एका दारातून निघतात आणि पाचव्या पावलाला मंच संपतो. गाडी वळवायची तर कडेला बसलेल्याच्या नाकासमोरून न्यावी लागते. त्या क्षणी मुलांना कळतं की हे नाटक लांबून बघायचा देखावा म्हणून लिहिलेलंच नाही. ते तोंडावर आदळतं. मोजमापाचा पुरावा वाचून हे कळत नाही, त्यात उभं राहावं लागतं.

रोझच्या मातीतली आणखी एक खूण मला फार प्रिय आहे. गॅलऱ्यांच्या पुढे, चौकाच्या कडेने, जमिनीत एक चर सापडली. वरच्या शाकारलेल्या छपरावरून पावसाचं पाणी गळून गळून ती पडली होती. कोकणातलं घर ज्याने पाहिलं आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही: पागोळ्यांची रेघ अंगणात पडतेच. त्या रेघेवरून छपराची कड कुठपर्यंत आली होती ते कळतं, आणि छपराला पन्हळ नव्हती हेही कळतं. चौकाची जमीन मंचाकडे उतरती होती, म्हणजे मागे उभ्या राहिलेल्यालाही पुढच्याच्या डोक्यावरून दिसावं. पिटातल्या प्रेक्षकाचा इतका विचार कुणी केला असेल असं एकाही करारात किंवा चित्रात दिसत नाही. तो चिखलात दिसला.

आणि चिखलाने हिशोबाची वहीही नव्याने वाचायला लावली. हेन्स्लोची रोजकीर्द, जिला अभ्यासक डायरी म्हणतात, डलिचलाच आहे. १५९२ च्या पानांवर चुना, वाळू, विटा, शाकारणी, मंच रंगवणं असा खर्च आहे. लोक तो दुरुस्ती म्हणून वाचत आले. पायांनी दाखवलं की दुरुस्ती कसली, मंचाकडची अर्धी बाजू पाडून, मंच उत्तरेला सरकवून, चौक मोठा केला होता. नव्या मंचापाशी खांबाचा पायाही सापडला, जुन्यापाशी नाही. म्हणजे मंचावरचं खांबांवर तोललेलं छप्पर रोझला बहुधा नंतर आलं. १५९५ मध्ये हेन्स्लो 'स्वर्गातलं सिंहासन' बनवल्याबद्दल सुतारांना ७ पौंड २ शिलिंग देतो. देवाला छपरातून खाली उतरवायची सोय ती हीच.

या डायरीबाबत एक सावधगिरी सांगतो. एकोणिसाव्या शतकात जॉन पेन कॉलियर या अभ्यासकाने तिच्यात स्वतःच्या हाताने खोट्या नोंदी घुसडल्या. आता त्या ओळखल्या गेल्या आहेत, पण जुन्या पुस्तकांत त्या खऱ्या म्हणून आलेल्या आहेत. शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक स्वस्तात मिळालं म्हणून त्यातली तारीख उचलू नका.

रोझनंतर बाकीचेही पाये निघाले. २०१६ मध्ये शोरडिचला कर्टन नाट्यगृहाचं उत्खनन झालं. ते १५७७ चं. सगळ्यांना गोल किंवा बहुकोनी इमारत अपेक्षित होती, निघाली आयताकृती, सुमारे ३० बाय २२ मीटर. 'हेन्री पाचवा' नाटकाच्या प्रस्तावनेत नाट्यगृहाला लाकडी वर्तुळ म्हटलं आहे, आणि ते कर्टनलाच उद्देशून असावं असं कित्येक वर्षं शिकवलं जात होतं. मीही शिकवलं होतं. आता तसं सांगणं अवघड आहे.

त्याहून मोठं आश्चर्य पूर्व लंडनमधल्या व्हाइटचॅपलचं. १५६७ च्या रेड लायन नाट्यगृहाची माहिती फक्त कोर्टाच्या कागदांतून होती. मालक जॉन ब्रेन आणि त्याचे सुतार यांचा तंटा झाला, म्हणून मापं लिहिली गेली: मंच ४० फूट बाय ३० फूट, उंची ५ फूट, त्यावर जमिनीपासून ३० फुटांचा बुरूज, आणि मंचाचा एक भाग फळ्या न ठोकता मोकळा ठेवायचा. २०१९ मध्ये तिथल्या उत्खननात एक लाकडी चौकट निघाली, १२.२७ मीटर बाय ९.२७ मीटर. फुटांत मोजून बघा. पुरातत्त्वज्ञांच्या मते हे बहुधा तेच ठिकाण. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की पहिल्याच नाट्यगृहाचा मंच जवळपास फॉर्च्युनएवढा होता, आणि मधल्या काळातला रोझचा त्याच्या निम्मा. लहानापासून मोठ्याकडे अशी सरळ वाढ झालेली नाही.

आणि खुद्द ग्लोब? तेही १९८९ मध्येच सापडलं, पण एका कोपऱ्यापुरतं. बाकीचं अँकर टेरेस नावाच्या संरक्षित जुन्या इमारतीखाली आहे आणि मंचाची जागा खणलेलीच नाही. म्हणून १९९७ मध्ये उघडलेलं लंडनचं आजचं ग्लोब हा पुरावा नाही. तो पुराव्यांवरून बांधलेला तर्क आहे, अतिशय मेहनतीने केलेला. त्याचा सुमारे १०० फुटांचा व्यास मुख्यतः चित्रकार वेन्सेस्लास होलरच्या चित्रावरून काढला. होलरने चर्चच्या मनोऱ्यावरून, १६१३ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेलं दुसरं ग्लोब रेखाटलं होतं. ते जुन्याच पायावर उभं होतं, म्हणून रुंदी तीच धरली. काही अभ्यासक आज ती रुंदी बरीच कमी मानतात. मागच्या भिंतीतली तीन दारं आणि खांबांची जागा तर चर्चा करून ठरवलेली आहे. खांब आधी तात्पुरत्या मंचावर उभे केले, नटांना आणि दिग्दर्शकांना ते आड आले, मग हलवले. त्या खांबांचे फोटो बघून 'मूळ ग्लोबमध्ये खांब इथे होते' असं लिहिणारे लोक आहेत, म्हणून हे सांगतो.

उरल्या रंगसूचना. यांतून मापं मिळत नाहीत, पण काय लागत होतं ते कळतं. 'रोमिओ आणि ज्युलिएट'मध्ये बाल्कनी हा शब्द कुठेही नाही. १५९७ च्या पहिल्या छापील प्रतीत 'खिडकीपाशी' आहे, १५९९ च्या दुसऱ्या प्रतीत 'वर'. पहिल्या प्रतीत ज्युलिएट खिडकीतून खाली जाते अशी सूचना आहे, आणि जेमतेम दोन-तीन ओळींत ती खाली मंचावर आईशी बोलू लागते. म्हणजे सज्ज्यातून उतरणारा जिना भिंतीच्या आत, अगदी दाराला लागून होता. स्त्रीभूमिका तेव्हा मुलगे करत, आणि घेरदार झगा घातलेला मुलगा तेवढ्या वेळात तो उतरत होता. हे कुठल्याही चित्रात नाही. दारांचंही तसंच. 'ईस्टवर्ड हो' या १६०५ च्या नाटकात दोन जण दोन दारांनी येतात आणि मधल्या दारात सोनाराचं दुकान उघडतं. तीन दारं इतक्या स्पष्ट शब्दांत. पण ते नाटक मुलांच्या कंपनीचं, ब्लॅकफ्रायर्सच्या बंदिस्त, मेणबत्त्यांनी उजळलेल्या दालनातलं. ग्लोबला ते तसंच लावू नये.

आता तुमचा प्लॅन. मी असतो तर फॉर्च्युनचं माप घेतलं असतं, ४३ बाय साडेसत्तावीस. हॉल लहान असेल तर प्रमाण राखून कमी करा. तीन बाजूंनी प्रेक्षक बसवा, विंगा विसरा. मागे दोन दारं आणि त्यांच्या मध्ये टांगलेला जाड पडदा, म्हणजे पोलोनियसचीही सोय झाली. वर छत करता आलं तर करा आणि खालून रंगवा, कारण सोन्याच्या ठिणग्यांनी मढवलेल्या छताबद्दल हॅम्लेट बोलतो तेव्हा त्याला वर बघायला काहीतरी हवं. खांब दोन, पण आधी बांबू उभे करून आठवडाभर तालीम करा आणि मग जागा ठरवा.

उंचीत मात्र तडजोड करू नका. 'हॅम्लेट'च्या १६०४-०५ च्या छापील प्रतीत स्पष्ट सूचना आहे की हॅम्लेटच्या बापाचं भूत मंचाखालून ओरडतं. ते एकाच जागी ओरडत नाही. हॅम्लेट मित्रांना घेऊन जागा बदलतो आणि आवाज त्याच्या पायाखालून पुन्हा येतो. खालच्या नटाला अंधारात, वाकून, वरच्याच्या पावलांच्या अंदाजाने सरकावं लागतं. रेड लायनची ५ फूट उंची आणि फॉर्च्युनच्या त्या ओकच्या बंद फळ्या इथे एकदम कामाला येतात: आत माणूस हलू शकतो आणि बाहेरून दिसत नाही. तुम्ही चार फुटांच्या खाली गेलात तर मुलगा रांगेल आणि त्याचा श्वास संवादात ऐकू येईल. खाली जमिनीवर गोणपाट अंथरा, आणि वरच्या फळ्या पक्क्या न ठोकता पहिली तालीम घ्या, म्हणजे आवाज कुठून फुटतो ते आधी ऐकता येईल.